छायाचित्रांचें संस्करण आणि मूळ प्रत

हल्लीं सुटीच्या दिवसांत घरीं नवा कॅमेरा आला, कीं पंधरवड्याच्या आंत दुसरा प्रश्न उभा राहतो: काढलेलीं चित्रें नीटनेटकीं करण्यासाठीं संगणकावर कोणतें सॉफ्टवेअर घ्यावें? कॅमेरा घेतांना वडील मंडळींचा सल्ला घेतला जातो, कारण पैसे त्यांनाच मोजावयाचे असतात. हा दुसरा प्रश्न मात्र मुलें आपसांतच सोडवितात, आणि 'माझा मित्र अमुक वापरतो' या एकाच प्रमाणावर तो बहुधा सुटतो. आप्तवाक्य हें प्रमाण आहे असें नैयायिक म्हणतात खरें. पण आप्त म्हणजे जो वस्तु यथार्थ जाणतो आणि यथार्थ सांगतो तो, अशी त्यांनीं अट घातली आहे. वर्गमित्र या अटींत बसतोच असें नाहीं. म्हणून या महिन्यांत आम्ही या विषयाचा थोड्या विस्तारानें विचार करणार आहों. संस्कृत शिकविण्यांत उभा जन्म घालविलेल्या माणसानें असल्या विषयांत पडूं नये असें ज्यांस वाटेल त्यांस एवढेंच सांगतों, कीं निवृत्तीनंतरच्या दुपारीं आम्हीं घरांतील तीन पिढ्यांचे फोटो संगणकावर चढविले आहेत आणि या साधनांपैकीं बहुतेकांशीं आमची कामापुरती तरी ओळख झाली आहे.

प्रथम ध्यानांत घ्यावयाचें तें हें, कीं 'फोटो एडिटिंग' या एका नांवाखालीं तीन निरनिराळीं कामें मोडतात. चित्रें निवडणें, त्यांस नांवें देणें आणि हवें तें चित्र हवें तेव्हां सांपडेल अशा रीतीनें लावून ठेवणें, हें पहिलें. प्रकाश, रंग आणि चौकट यांत सुधारणा करणें, म्हणजे पूर्वीं स्टुडिओच्या अंधाऱ्या खोलींत जें होत असे तें, हें दुसरें. आणि चित्रांतील एखादी वस्तु काढून टाकणें, डाग पुसणें, दोन चित्रें एकत्र जोडणें, हें तिसरें. नवशिक्यास शंभरांतील नव्वद वेळां पहिल्या दोन कामांचीच गरज पडते. परंतु तो मागतो तें साधन तिसऱ्या कामाचें असतें. याचें कारण नांवाचा महिमा. टॉमस नोल यांनीं १९८७ सालीं आपले बंधु जॉन यांच्या साहाय्यानें ज्याची रचना आरंभिली आणि अडोबी कंपनीनें १९९० च्या फेब्रुवारींत जें बाजारांत आणलें, तें फोटोशॉप आज इतकें सर्वतोमुखीं झालें आहे, कीं आमच्या नातवंडांच्या बोलण्यांत त्याचें क्रियापदच होऊन बसलें आहे. तें साधन थोर आहे यांत शंका नाहीं. पण तें छापखानेवाले, चित्रकार आणि जाहिरातवाले यांच्या कामाचें. सहलीच्या दोनशें चित्रांतून वीस निवडून त्यांचा उजेड सारखा करण्यासाठीं तें घेणें म्हणजे अंगणांतील तुळशीस पाणी घालण्याकरितां विहिरीवर मोट बांधण्यासारखें आहे.

आतां कॅमेरा चित्र कसें सांठवितो हें दोन शब्दांत सांगितलें पाहिजे, कारण त्यावांचून पुढील विवेचन कळणार नाहीं. बहुतेक कॅमेऱ्यांत दोन प्रकार असतात. जेपेग या प्रकारांत कॅमेरा स्वतःच्या बुद्धीनें रंग ठरवितो, चित्र आवळून लहान करतो आणि उरलेली माहिती टाकून देतो. रॉ या प्रकारांत कॅमेऱ्याच्या पडद्यावर जेवढा प्रकाश पडला त्याची सारी नोंद जशीच्या तशी हातीं येते. ती न धुतलेल्या फिल्मसारखी असते. जेपेगमध्यें लाल, हिरवा व निळा या प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात. रॉ जर बारा बिटांचें असेल तर ४०९६ आणि चौदा बिटांचें असेल तर १६३८४. ओसरीवर आजी बसल्या आहेत आणि मागें अंगणांत कडक ऊन पडलें आहे, अशा चित्रांत आजींचा चेहरा काळवंडतो. तो उजळावयाचा झाल्यास या जादा पायऱ्यांचा उपयोग काय तो कळतो. जेपेगमधील चेहरा उजळूं गेल्यास त्यावर डाग आणि पट्टे उमटतात. शिवाय जेपेगचा आणखी एक दोष असा, कीं तें उघडून, बदलून पुन्हां जेपेग म्हणूनच जतन केलें कीं प्रत्येक वेळीं थोडी थोडी माहिती झिजत जाते. चार वेळां उगाळलेल्या चंदनाच्या खोडासारखी त्याची गत होते. सुगंध मात्र कोठें येत नाहीं.

तेव्हां साधन निवडतांना आमच्या मतें पहिली, आणि इतर सर्वांहून वरचढ अशी, कसोटी ही, कीं तें मूळ चित्रास हात लावतें कीं नाहीं. हें आम्हांस आमच्याच व्यवसायांतील दृष्टांतानें सांगूं द्यावें. जुने लेखक पोथी लिहितांना चुकलेल्या अक्षरावर हरताळ लावीत. पिवळ्या रंगाचा तो लेप वाळला कीं त्यावर नवें अक्षर लिहीत. खालीं काय होतें तें झांकून गेलें. आपल्या भाषेंतील 'हरताळ फासणें' हा वाक्प्रचार तेथूनच आला. याच्या उलट रीत पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराची. तेथें महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचें कार्य १९१९ सालीं आरंभिलें गेलें. १९२५ पासून डॉ. वि. सी. सुखठणकर यांनीं संपादनाची धुरा घेतली, १९३३ सालीं आदिपर्व पुरें झालें आणि सर्व ग्रंथ १९६६ सालीं सिद्धीस गेला. त्या विद्वानांनीं एकाहि पोथीवर एक टिंब वाढविलें नाहीं. पोथ्या जशाच्या तशा राहिल्या. संपादकांनीं ठरविलेला पाठ निराळ्या पानावर छापला गेला आणि नाकारलेले पाठभेद त्याच पानाच्या तळाशीं दिले गेले. पुढें कोणास संपादकांचा निर्णय न रुचला, तर मूळापर्यंत जाण्याची वाट मोकळी आहे.

सॉफ्टवेअरांतहि हेच दोन पंथ आहेत. लाइटरूम, डार्कटेबल, रॉथेरपी हीं दुसऱ्या पंथाचीं. यांत आपण उजेड वाढविला, रंग बदलला, चौकट कापली, तरी मूळ फाइलींतील चित्र अणुमात्र बदलत नाहीं. 'उजेड इतका वाढवावा, डावीकडून इतकें कापावें' अशा सूचना तेवढ्या बाजूस एका लहान फाइलींत किंवा वहींत नोंदल्या जातात आणि चित्र दाखवितांना त्या लागू होतात. दहा वर्षांनीं जरी मन बदललें तरी सूचना पुसल्या कीं मूळ चित्र समोर उभें. फोटोशॉप व गिंप हीं मुळांत चित्राच्या कणांवरच काम करणारीं. पण त्यांतहि थर ठेवण्याची सोय आहे, म्हणजे मूळ चित्र खालच्या थरावर राखून वरच्या पारदर्शक थरावर रंगकाम करतां येतें. गिंपच्या २०२५ सालीं निघालेल्या तिसऱ्या आवृत्तींत तर बरेचसे परिणाम मूळास धक्का न लावतां देतां येऊं लागले आहेत. मात्र थरांची फाइल त्या त्या साधनाच्या स्वतःच्या प्रकारांतच जतन केली पाहिजे. तिचें जेपेग केलें कीं सारे थर एकांत एक मिसळून जातात, आणि तें जेपेग मूळ फाइलीच्याच नांवानें जतन केलें तर हरताळ फासला म्हणून समजावें.

हें आम्ही इतक्या आग्रहानें कां सांगतों तें एका घडलेल्या गोष्टीवरून कळेल. आमच्या परिचयाच्या एका घरीं १९४१ सालचा एक समूह-फोटो होता. मुंजीच्या दिवशींचा, ओट्यावर काढलेला. पुरुष खुर्च्यांवर, मुलें खालीं सतरंजीवर, सवाशिणी मागें उभ्या. आणि अगदीं कडेला, माजघराच्या दाराआड, आलवण नेसलेली एक आत्या अर्धीच दिसत होती. बालविधवा. तिला फोटोंत कोणी बोलाविलें नव्हतें. ती पाहावयास म्हणून दाराशीं आली असावी. तिचें याखेरीज दुसरें एकहि चित्र नाहीं. कागदास कसर लागली होती म्हणून घरांतील एका हौशी तरुणानें तो फोटो स्कॅन करून घेतला, आणि कागदाचे तुकडे पडत होते ते टाकून दिले गेले. मग त्यानें मोठ्या प्रेमानें दुरुस्ती आरंभिली. २०२३ सालापासून फोटोशॉपमध्यें एक नवी करामत आली आहे. जेथें कांहीं नाहीं तेथें काय हवें तें शब्दांनीं सांगावें आणि यंत्रानें तें स्वतःच्या कल्पनेनें रंगवून द्यावें. त्या मुलानें दाराची कड काढून आत्याला पुरी केली. तिला केंस दिले, अंबाडा दिला, जांभळें लुगडें दिलें. आणि तें चित्र मूळ फाइलीच्या नांवानेंच जतन केलें.

घरांतील मंडळींस चित्र आवडलें. मग तें नव्वदीच्या घरांतील एका वृद्ध बाईंना दाखविलें. त्या आत्याच्या अंगाखांद्यावर वाढलेल्या. त्यांनीं पुष्कळ वेळ पाहिलें आणि म्हणाल्या, "छान आहे रे बाळा. पण ही कोण? आमच्या आत्याला केंस नव्हते." पुढें शोध केला तेव्हां मूळ स्कॅन कोठेंच नव्हता, नागपुरास नातलगांकडे पूर्वीं व्हॉट्सॲपनें पाठविलेली एक लहानशी, आवळलेली प्रत तेवढी मिळाली. तींत आत्याचा चेहरा तिळाएवढा आहे.

त्या मुलास दोष देण्याची आमची इच्छा नाहीं. जिला आयुष्यांत कोणीं एक रंगीत लुगडें दिलें नाहीं तिला निदान चित्रांत तरी द्यावें, ही त्याची बुद्धि आमच्या पिढीच्या बुद्धीहून चांगलीच म्हटली पाहिजे. पण ती बाई दाराआड कां उभी होती, तिच्या मस्तकावर पदर कां ओढलेला होता, हें सांगणारा एकुलता एक साक्षीदार त्या बुद्धीच्या भरांत नाहींसा झाला. आपल्या घरांनीं काय केलें तें आपल्या नातवंडांस कळण्याचा तोच एक पुरावा होता. चित्रांत फेरफार करणें नवें नाहीं. जुन्या स्टुडिओंत काचेच्या निगेटिव्हवर बारीक पेन्सिलीनें सुरकुत्या बुजवीत असत, फोटो हातानें रंगवीत असत. अमेरिकेंतील नॅशनल जिऑग्राफिक मासिकानें १९८२ च्या फेब्रुवारीच्या मुखपृष्ठावर गिझाचे पिरॅमिड संगणकाच्या साहाय्यानें एकमेकांजवळ सरकविले होते व त्यावरून बराच गदारोळ झाला होता. फरक इतकाच, कीं पूर्वीं असें करण्यास कसब आणि वेळ लागे, आतां तें शेंबडें पोरहि अर्ध्या मिनिटांत करूं शकतें. म्हणून आमचें सांगणें असें: कल्पनेचें चित्र खुशाल करावें, परंतु निराळ्या नांवानें करावें व त्यावर तसें लिहावें, आणि मूळ स्कॅन 'मूळ' नांवाच्या निराळ्या फोल्डरमध्यें ठेवून त्या फाइलींवर 'रीड-ओन्ली' ही खूण करून ठेवावी. ती खूण असली म्हणजे त्याच नांवानें जतन करूं लागतांच संगणक अडवितो.

आतां पैशांकडे वळूं. अडोबी कंपनीनें २०१३ सालीं असें जाहीर केलें, कीं फोटोशॉपच्या पुढील आवृत्त्या विकत मिळणार नाहींत. त्या भाड्यानें घ्याव्या लागतील. लाइटरूम त्यानंतरहि कांहीं काळ विकत मिळे. २०१५ सालची सहावी आवृत्ति ही त्यांतील शेवटची. तेव्हांपासून गृहस्थास या दोन साधनांचें बिऱ्हाड भाड्याच्या घरांत आहे. भाडें थकलें तर लाइटरूम आपलीं चित्रें दाखवितें, त्यांच्या प्रतीहि काढूं देतें, पण सुधारणेची खोली बंद करून घेतें. ज्यांचा व्यवसाय छायाचित्रांचा आहे त्यांस हें परवडतें. पण वर्षांतून चार सणांना कॅमेरा बाहेर काढणाऱ्या घरानें बारा महिने भाडें कां भरावें, हें आम्हांस कळत नाहीं. अडोबीचेंच एलिमेंट्स नांवाचें लहान भावंड २०२५ च्या आवृत्तीपासून तीन वर्षांच्या मुदतीनें मिळतें. म्हणजे तेंहि विकत नव्हे, भाडेपट्टाच.

फुकट मिळतें तें टिकतेंच असेंहि नाहीं. गूगलचें पिकासा पुष्कळांच्या घरीं होतें. साधें, सुटसुटीत आणि वडील मंडळींस झेपणारें. २०१६ सालीं कंपनीनें तें बंद केलें. ॲपल कंपनीचें ॲपर्चर पैसे देऊन घेतलेलें, तरी त्याचाहि विकास थांबविल्याचें २०१४ सालीं जाहीर झालें. ज्यांनीं चित्रांतील माणसांचीं नांवें केवळ साधनाच्या खासगी वहींत लिहून ठेवलीं होतीं त्यांस तीं दुसरीकडे नेतांना फार यातायात पडली. म्हणून दुसरी कसोटी अशी, कीं चित्रांतील माणसांचीं नांवें, तिथि व स्थळ ही माहिती फाइलींतच, अथवा तिच्या शेजारीं एक्सएमपी या सर्वमान्य प्रकारांत लिहितां येते कीं नाहीं. डिजिकॅम या फुकट साधनांत ती सोय आहे आणि पहिल्या कामासाठीं, म्हणजे लावालावीसाठीं, आम्ही तेंच सुचवितों. नांवें लिहिण्याचें काम मात्र आजच करावें. मागच्या रांगेंतील डावीकडून तिसरी कोण, हें सांगणारीं माणसें सॉफ्टवेअरची नवी आवृत्ति निघेपर्यंत थांबत नाहींत.

चोरीच्या प्रतीविषयीं एक शब्द. दुकानदार नवा संगणक देतांना 'फोटोशॉप टाकून देतों' म्हणून मेहेरबानी करतो आणि आमच्या सुशिक्षित घरांतून ती आनंदानें स्वीकारली जाते. शेजाऱ्याच्या परसांतील फूल देवास वाहूं नये असें ज्या घरांत शिकवितात त्याच घरांत हें चालावें याचें आम्हांस नवल वाटतें. नीति बाजूस ठेविली तरी अशा प्रतींतून संगणकास रोग जडतात. आणि उत्तम साधनें फुकट व उजळ माथ्यानें मिळत असतां ही चोरी निव्वळ आळसाची आहे.

तर मग नवशिक्यानें काय घ्यावें? आमचें उत्तर निःसंदिग्ध आहे: आरंभीं कांहींच विकत घेऊं नये. कॅमेरा ज्या कंपनीचा असेल तिचेंच साधन प्रथम उतरवून घ्यावें. कॅननचें डिजिटल फोटो प्रोफेशनल, निकॉनचें २०२१ सालीं आलेलें एनएक्स स्टुडिओ, सोनीचें इमेजिंग एज हीं त्या त्या कॅमेऱ्याच्या मालकास फुकट मिळतात, आपल्या कॅमेऱ्याचें रॉ हीं अचूक उघडतात आणि रंगहि कॅमेऱ्याच्या पडद्यावर दिसले तसेच दाखवितात. यांच्याकडे कोणी लक्ष देत नाहीं, कारण फुकट मिळालेल्या वस्तूस मान नसतो. सहा महिने यावर हात बसला आणि तें अपुरें वाटूं लागलें, तर डार्कटेबल अथवा रॉथेरपी पाहावें. डार्कटेबल फार समर्थ आहे, पण त्यांत इतकीं उपकरणें आहेत कीं पहिल्याच दिवशीं तें उघडणाऱ्या मुलाची स्थिति कौमुदी हातीं दिलेल्या पहिलीच्या विद्यार्थ्यासारखी होते. आधीं रूपें पाठ झालीं पाहिजेत. डाग पुसणें, फाटलेला कोपरा जोडणें यासाठीं गिंप पुरेसें आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील दोन विद्यार्थ्यांनीं, स्पेन्सर किंबल व पीटर मॅटिस यांनीं, १९९५ सालीं तें आरंभिलें आणि तेव्हांपासून तें सर्वांस मोकळें आहे. ॲफिनिटी हें साधन पूर्वीं विकत घ्यावें लागे. त्याची मालकी २०२४ सालीं कॅन्व्हा कंपनीकडे गेल्यावर २०२५ च्या अखेरीस तेंहि फुकट करण्यांत आलें. तें देखणें आहे, पण त्यासाठीं कंपनीकडे खातें उघडावें लागतें, हें वडील मंडळींनीं ध्यानांत घ्यावें. ज्यांचा सारा व्यवहार मोबाइलवरच आहे त्यांस स्नॅपसीड पुरे.

ज्या घरीं एकाच संगणकावर काका, पुतणे आणि सुना अशा सर्वांचें काम चालतें, तेथें त्याची मेमरी किती आहे हें आधीं पाहावें. आठ जीबीहून कमी असेल तर असलीं साधनें बैलगाडीच्या चालीनें चालतात आणि मग दोष साधनाला दिला जातो.

साधन हातीं आल्यावर प्रथम काय शिकावें, हें आम्हांस विचारलें तर आम्ही पांढऱ्या रंगाचा तोल हेंच सांगूं. आपल्याकडील मंगलकार्यांचीं चित्रें बिघडतात तीं उजेडाच्या अभावीं नव्हे, तर मांडवाच्या कापडामुळें. गुलाबी कनातींतून झिरपलेल्या उन्हांत वधू, वर आणि उपाध्याय सारेच गुलाबी दिसतात. पिवळ्या कापडाखालीं सर्वांना कावीळ होते. रॉ चित्र असलें म्हणजे उपाय सोपा आहे. तोलाचें उपकरण घेऊन चित्रांतील खरोखर पांढऱ्या वस्तूवर टेकवावें, कीं साधन बाकीचे रंग त्या मानानें जागेवर आणतें. गुरुजींचें उपरणें या कामीं चांगलें. परंतु त्यास नीळ दिलेली असेल तर साधन फसतें, त्या निळसर छटेलाच पांढरें मानतें आणि सगळें चित्र पिवळट करून ठेवतें. अशा वेळीं पत्रावळीशेजारचें मीठ किंवा रांगोळीची पांढरी रेघ अधिक विश्वासू. अंतरपाटावरील स्वस्तिक कुंकवाचें असतें. त्याच्या लाल रंगावरून तोल बरोबर आला कीं नाहीं हें डोळ्यांस लगेच कळतें.

पैसे खर्चण्यापूर्वीं, किंवा फुकटाचें असलें तरी मन जडण्यापूर्वीं, कोणत्याहि साधनाची एक परीक्षा घ्यावी. एक चित्र घेऊन त्यावर हवे ते प्रयोग करावे आणि साधन बंद करावें. आठ दिवसांनीं पुन्हां उघडून पाहावें: पहिलें चित्र एका कळीनें परत येतें का? केलेल्या सुधारणांपैकीं मधली एकच काढून टाकतां येते का? चित्राची प्रत पूर्ण आकारांत, कोणाचा शिक्का न उमटतां बाहेर काढतां येते का? आणि इंटरनेट बंद असतांना तें चालतें का? चारहि प्रश्नांस होय असें उत्तर आलें तर तें साधन खुशाल घरांत घ्यावें.

जुने कागदी फोटो आणि काचेच्या निगेटिव्ह स्कॅन करतांना काय सांभाळावें, आणि त्यांच्या प्रती किती व कोठें ठेवाव्या, हा विषय निराळा व मोठा आहे. तो पुढील अंकीं घेऊं.